वैजू एमबीएला निघाला

मंगळवार, सकाळचे साडेदहा. एका व्यवस्थापन महाविद्यालयाचं फाटक. फाटकासमोर वैजनाथ कानडे नावाचा एक भोळा पदवीधर मोटारसायकलवर बसला होता. त्याला पदवीला एक्कावन्न टक्के होते आणि त्याला एमबीए व्हायचं होतं.

व्हावंच लागणार होतं. त्याच्या रेवणमामाचं गावात सिमेंटचं दुकान. मामाला मूलबाळ नाही. "गिऱ्हाईकाला देवासारखं वागव," असं मामानं एकदा सांगितलं, तर वैजूनं सिमेंट घ्यायला आलेल्या गवंड्याला गंध लावलं, त्याच्यापुढं घंटा वाजवली आणि पोत्याऐवजी प्रसाद देऊन त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून मामाची अट होती, "एमबीए होऊन ये, दुकान तुझं. नाहीतर पायरी चढू नको."

जिल्ह्यात अशी महाविद्यालयं तीन. पहिल्याला निघताना मामानं बजावलं, "टक्के कमी हायत ते लपवू नको. कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळा हो."

वॉचमन म्हणाला, "गाडी तिकडं लावा."

"मला एक्कावन्न टक्के आहेत."

"असू द्या. गाडी तिकडं लावा."

मग वैजूनं शिपायाला सांगितलं. पाणी देणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बरं हाय की लेकरा." आत मात्र प्राध्यापकांनीच पहिला प्रश्न टाकला, "टक्के किती?"

वैजूला तर विचारायच्या आधी सांगायचं होतं. आता तर विचारून झालं होतं. बाहेर काढेपर्यंत तो तोंड मिटून बसला.

"अरं येड्या," मामा म्हणाला, "विचारलं तर कारण द्यावं. घरात आजारपण होतं म्हणावं."

दुसरीकडे टक्क्यांचं कुणी काढलंच नाही. प्राध्यापकबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्ही कबड्डी संघाचे कप्तान होतात? आणि संघ जिंकला? कसं काय जमलं?"

"घरात आजारपण होतं, मॅडम."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तिथं कशाला आजारपण काढलंस?" मामा कपाळाला हात लावून म्हणाला. "कारणं देण्यापेक्षा चूक माझी, पुन्हा होणार नाही, असं म्हणावं माणसानं. आणि शेवटी ते 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात. तवा मुका बसू नको. त्यांना जे महत्त्वाचं वाटतं, तेच विचार. खूश होतात."

तिसऱ्या वेळी मामा स्वतः सोबत आला आणि फाटकाबाहेर थांबला. इथे इमारतीला रंग अर्धाच होता, पण संचालकांचा फोटो दारापेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं, 'उद्याचे उद्योगपती इथे घडतात.' वर्ग इतके रिकामे, की खांबानं अर्ज केला असता तर खांबालाही घेतलं असतं.

"बहिणीच्या लग्नाची पंगत तुम्ही एकट्यानं सांभाळली?" संचालक म्हणाले. "वा!"

"चूक माझी, सर. पुन्हा होणार नाही."

संचालक खो-खो हसले. "मुलगा विनयशील आहे. प्रवेश झाला समजा. तुम्हाला काही विचारायचंय?"

"सर, तुम्हाला पदवीला किती टक्के होते?"

शेजारच्या दोन्ही प्राध्यापकांनी माना वर केल्या. त्यांनाही हे बऱ्याच वर्षांपासून ऐकायचं असावं.

"तो काळ वेगळा होता," संचालक म्हणाले.

वैजूला त्यांची दया आली. त्यानं खुर्ची पुढे ओढली. "असं नका म्हणू, सर. विचारायच्या आधीच सांगायचं असतं. आता ती वेळ गेली. आता घरात आजारपण होतं म्हणा."

"चालता हो!"

"हां, आजारपण चालत नाही कधीकधी. मग चूक माझी म्हणा."

शिपायानं दंडाला धरून त्याला फाटकाबाहेर सोडलं. मामा धावत आला. "काय रं? झाला का प्रवेश?"

"कठीण आहे, मामा," वैजू हळहळला. "माणूस चांगला आहे, पण तयारीच नाही. संचालकांना काही प्रवेश मिळत नाही."

शुक्रवारी यादी लागली. अर्ज केलेल्या सगळ्यांची नावं तीत होती, एक वैजू सोडून. त्याला का वगळलं, हे संस्थेनं सांगितलेलं नाही. संचालकांना पदवीला किती टक्के होते, याचाही खुलासा अद्याप झालेला नाही.