दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कोल्हापूरच्या रॉक संगीत मंडळात अध्यक्ष बापूसाहेब नगरकर बोलले, की विषय संपला. एका रविवारी त्यांच्याच दिवाणखान्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अल्बमवर गप्पा रंगल्या आणि मृणाल कासार म्हणाली, "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मला सगळ्यांत आवडतं."

"तो कचरा?" बापूसाहेब कडाडले. "ही तबकडी कॉलेजात असताना घेतली मी. यातलं प्रत्येक गाणं हजार वेळा ऐकलंय! कालच्या पोरींनी मला शिकवू नये. ते गाणं भिकार आहे हे कबूल कर, नाहीतर मंडळ सोड."

मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक उठली, बापूसाहेबांच्याच तबकडीची दुसरी बाजू लावली आणि एकेका गाण्यावर सुई टेकवत गेली. पहिलं खरखरलं. दुसरं तर नुसतं कडकडत होतं. तिसरं मात्र आजच दुकानातून आणल्यासारखं स्वच्छ वाजू लागलं. चौथं पुन्हा खरखरलं. मंडळी बापूसाहेबांकडे बघू लागली.

"ऐकलेली गाणी झिजलीत, बापूसाहेब," मृणाल म्हणाली. "या एकावर तुम्ही सुई टेकूच दिली नाहीत. मंडळ मी खुशाल सोडते, पण तुम्ही आधी हे गाणं एकदा ऐका तरी!"