तिसऱ्या घंटेचा वसा

बायांनो, ही कहाणी मी सांगायची नव्हती. आई म्हणाली होती, पोथीतली वाच, ती सगळ्यांच्या पाठ आहे, चुकलीस तर कुणीतरी सावरेल. पण पोथीत नाटकमंडळी नाही, आणि आज पूजा घंटेची आहे. आई नैवेद्याचं पान वाढायला गेली आहे. ती येईपर्यंत हातात अक्षता धरा, आणि रंगदेवते, तू तुझी कहाणी ऐक.

नगर होतं आटपाट. नगराला नदी होती, नदीला घाट होता, घाटावर नाटकघर होतं. तिथं एक मंडळी खेळ करीत असे. मंडळीत एक नट होता, त्याचं नाव भार्गव. राजाचं सोंग त्यानंच घ्यावं. त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. बायका म्हणत, “खरा राजा शेजारी उभा केला, तर तो याचा कारकून दिसेल.” घरी त्याची बायको होती कमळजा, आणि एक लेक होती. लेक बोलायची कमी, बघायची फार.

मंडळीचा एक वसा होता. पडद्यामागं पितळेची घंटा टांगलेली. खेळाआधी ती तीनदा वाजे. पहिल्या घंटेला नटानं आपल्या हातानं तोंडाला रंग लावावा. दुसऱ्या घंटेला रंगदेवतेला फूल वाहावं. तिसऱ्या घंटेला हात जोडून म्हणावं, “आई, माझा मीपणा विंगेत ठेवला. आता तू बोल.” मग पडदा वर जाई.

एकदा काय झालं, भार्गवचा घसा बसला. एक श्रीमंत दोस्त रंगपटात आला. म्हणाला, “राजे, एक घोट घ्या. गळा मोकळा होतो.” भार्गव म्हणाला, “खेळाआधी नको.” दोस्त म्हणाला, “राजाला विचारणार कोण?” त्यानं घोट घेतला. गळा मोकळा झाला, निदान त्याला तसं वाटलं. मग तो खेळ झाल्यावर घेऊ लागला. मग खेळाच्या आधी घेऊ लागला. मग खेळातच घेऊ लागला.

खेळात कसा? तर नाटकात मेजवानीचा प्रवेश होता. राजानं भर दरबारात प्याला उचलायचा, एका दमात रिकामा करायचा, आणि म्हणायचं, “अमृत आहे.” प्याल्यात असे कोकमाचं पाणी. ते भरायचं काम म्हाताऱ्या पांडबाचं. भार्गव त्याला म्हणाला, “पांडबा, कोकम पिऊन कुणी राजा झालाय का? खरी भर.”

पांडबा म्हणाला, “अप्पा मालक रागावतील, महाराज.”

“अप्पा प्रेक्षकांकडं बघतात. प्याला कोण हुंगतो? माझा हुकूम आहे.”

पांडबाचा त्याच्यावर जीव. त्यानं खरी भरली, आणि रोज भरत गेला.

मग पहिल्या घंटेला भार्गवचा हात थरथरू लागला, रंग दुसऱ्यानं लावावा लागे. दुसऱ्या घंटेला फूल तसंच सुकून जाई. तिसरी घंटा तर त्याला ऐकूच येईना. उतला, मातला, घेतला वसा टाकला. रंगदेवता रागावली नाही. ती नुसती उठून गेली.

मग जत्रेचा दिवस आला. नाटकघर भरलं, दारातसुद्धा माणसं उभी. पडदा वर गेला. भार्गव सिंहासनावर बसला, आणि त्याच्या तोंडून शेवटच्या अंकातलं भाषण निघालं. “प्रजाजनहो, माझी वेळ भरली, मी चाललो.” बोलला, आडवा झाला, आणि मेला. इकडं विंगेत राणी वरमाला घेऊन उभी. तिचं लग्न दुसऱ्या अंकात व्हायचं होतं. विदूषक धावत गेला, कानाशी लागला, “महाराज, उठा, अजून तुमचं लग्न व्हायचंय.” राजा घोरत होता. लोक आधी हसले, मग ओरडले, मग उठून गेले.

अप्पा म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

भार्गव म्हणाला, “माझ्यावाचून राजा कोण होणार?”

अप्पा म्हणाले, “मुकुट कुणालाही बसतो रे. आत थोडा कापूस भरला की झालं.”

मग तो दुसऱ्या मंडळ्यांच्या दारी गेला. नाव मोठं होतं, नावानं दार उघडे. एकीनं त्याला प्रधान केलं, त्यानं दरबारात राजाला भलत्याच नावानं हाक मारली. दुसरीनं ऋषी केलं, तो तपाला बसला तो उठलाच नाही. तिसरीनं भालदार केलं, म्हणाली, नुसतं उभं तरी राहा. तो भाल्याला धरून उभा राहिला, आणि भाल्यासकट पडला. चौथीनं दार उघडलं नाही.

घरी कमळजेनं सोमवार धरले, शुक्रवार धरले, एकादशा धरल्या. ती वाळत गेली, तो पीत गेला.

एके दिवशी भरदुपारी तो देवळाच्या पारावर पडला होता. एक चप्पल पायात, एक कुठं गेलेली. शाळा सुटली. पोरं भोवती जमली, म्हणू लागली, “महाराज, उठा, तुमचं लग्न व्हायचंय.” त्यांच्या मागून लेक आली. इतके दिवस ती रस्ता बदलून घरी जात असे. त्या दिवशी तिनं रस्ता बदलला नाही. तिनं दप्तर खाली ठेवलं, हरवलेली चप्पल शोधली, त्याच्या पायात घातली, आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. पोरं कंटाळून गेली.

पाराच्या कडेला एक म्हातारी गजरे विकत बसली होती. तिनं विचारलं, “पोरी, हा तुझा कोण?”

“बाबा.”

“काय करतो?”

लेक म्हणाली, “राजा आहेत.”

होते असं म्हणाली नाही, आहेत म्हणाली. भार्गवचे डोळे मिटलेले होते, पण कान जागे होते. तो शब्द त्याच्या कानावर घंटेसारखा आदळला. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, काही न पिता, हात काखेत दाबून धरून म्हातारीपाशी गेला. नमस्कार केला. म्हणाला, “आजी, माझ्या बायकोनं इतके वसे केले. मला गुण का येत नाही?”

म्हातारी म्हणाली, “अरे, ती उपाशी राहिली म्हणून तुझी तहान कशी भागेल? तिला आधी पोटभर जेवू घाल. हा वसा दुसऱ्याच्या ओठांनी पाळता येत नाही.”

“मग मला सांग.”

“तुला सांगितला तर उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“एकदा टाकून बघितला, आजी. आता उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

म्हातारी म्हणाली, “मग ऐक. आधी दवाखान्यात जा, अंग डॉक्टरच्या हाती दे, ते थरथरेल ते थरथरू दे. मग नाटकघरात जा. राजा मागू नको, घंटा माग. रोज तीन घंटा तू द्यायच्या. पहिली देताना म्हणायचं, आज नाही. दुसरी देताना म्हणायचं, आज नाही. तिसरी देताना म्हणायचं, आज नाही.”

“आणि उद्या?”

“उद्याची घंटा उद्या.”

“याचं उद्यापन कधी करायचं?”

म्हातारीनं गजरा बांधता बांधता मान हलवली. “या वशाला उद्यापन नाही, बाबा.”

भार्गव दवाखान्यात राहिला. अंगाला घाम सुटे, भिंतीवर नसलेले कोळी दिसत, जेवण पोटात ठरेना. कमळजा पेज घेऊन येई. तो म्हणे, “आधी तू जेव.” ती म्हणे, “जेवून आले.” तो म्हणे, “शपथ?” मग ती तिथंच बसून त्याच्यासमोर जेवे.

बरा होऊन तो अप्पांपुढं उभा राहिला. अप्पा म्हणाले, “काय मागायला आलास? मुकुट दिगंबरच्या डोक्यावर आहे, आणि नीट बसलाय.”

“घंटा द्या.”

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. “श्वास सोड,” म्हणाले. त्यानं सोडला. अप्पांनी हुंगला, आणि दोर त्याच्या हातात दिला. रोज असंच. रोज अप्पा हुंगायचे, मंडळी तोंडावर हात धरून हसायची, आणि भार्गव श्वास सोडायचा. मग दुसऱ्याच्या राज्यासाठी तीन घंटा द्यायचा. प्रेक्षकांतून कुणी ओरडे, “मेलेला राजा तो हाच का?” तो पडद्याआडून उत्तर देई, “हाच. पण पहिल्या अंकात मेलो, खेळ अजून बाकी आहे.”

एका सणाला तो चुकला. सकाळी मान खाली घालून म्हातारीकडं गेला. “आजी, वसा मोडला.” म्हातारी म्हणाली, “मग पुन्हा धर. काल घंटा चुकली म्हणून आज वाजायची राहते का?” त्यानं पुन्हा धरला. अप्पांना आपल्या तोंडानं सांगितलं. अप्पांनी आठवडाभर दोर काढून घेतला, मग परत दिला.

असं होता होता पुन्हा जत्रा आली. नाटकघर भरलं, आणि दिगंबर घाटाच्या पायरीवरून घसरला. पाय मोडला. अप्पांनी मुकुट हातात घेतला, मंडळीकडं बघितलं, मग भार्गवकडं बघितलं. म्हणाले, “श्वास सोड.” त्यानं सोडला. अप्पांनी मुकुटातला कापूस काढून टाकला.

भार्गव म्हणाला, “पण घंटा कोण देईल?”

लेक कोपऱ्यात उभी होती. तिनं दोर धरला.

पहिली घंटा झाली, त्यानं आपल्या हातानं रंग लावला. दुसरी झाली, त्यानं फूल वाहिलं. तिसरी झाली, त्यानं हात जोडले. पडदा वर गेला. लोक कुजबुजले, “हा आता मरतो बघा.” पण राजा मेला नाही. त्यानं न्याय केला, त्याचं लग्न झालं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

मग मेजवानीचा प्रवेश आला. आता इकडं पांडबा. त्याचा राजा परत आला होता. आनंदानं त्याला काही सुचेना. त्याच्या मनात एवढंच आलं, माझ्या राजाला कोकम कसं देऊ? जुना हुकूम त्याला कुणी फिरवून सांगितला नव्हता. त्यानं खरी भरली, काठोकाठ भरली, आणि दरबारात पाठवली.

राजानं प्याला उचलला. ओठांजवळ आणला. आणि थांबला.

विंगेतून लेकीला त्याचं तोंड दिसलं. नाकपुड्या हलल्या. तिनं पांडबाकडं बघितलं, पांडबा कौतुकानं हसत होता. तिला कळलं. अप्पांनाही कळलं, ते मटकन खाली बसले. समोर पहिल्या रांगेत कमळजा होती, तिनं पदर मुठीत धरला. प्रॉम्प्टर हळूच म्हणाला, “प्या, महाराज.” नाटकघर वाट बघत होतं. प्रॉम्प्टर पुन्हा म्हणाला, “प्या.” भार्गवच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. एका घोटाचं अंतर होतं, आणि तो घोट नाटकात लिहिलेलाच होता, त्याला कुणी नावं ठेवली नसती. प्रॉम्प्टर तिसऱ्यांदा म्हणाला, “महाराज, प्या.”

राजानं प्याला खाली आणला. राजाच्याच आवाजात म्हणाला, “आज नाही.”

आणि प्याला उपडा केला. वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. पहिल्या रांगेनं मागच्या रांगेला सांगितलं, हे कोकम नव्हे.

राजा म्हणाला, “पाणी आणा.”

पांडबाला तेव्हा कुठं समजलं. तो रडत रडत तांब्या घेऊन निघाला तो थेट दरबारात, ना सोंग ना पागोटं, गुडघ्यावर धोतर. कुणी हसलं नाही. राजानं तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि नाटकातलं वाक्य नाटकात होतं तसंच म्हणाला.

“अमृत आहे.”

टाळ्या कोसळल्या, पण तो हलला नाही. खेळ पुढं गेला. राजा त्या दिवशी शेवटच्या अंकात मेला, जिथं मरायचा तिथंच. लोक रडले.

पडदा पडल्यावर पांडबानं पाय धरले. भार्गव त्याला उठवत म्हणाला, “पांडबा, तू माझा हुकूम पाळलास. हुकूमच चुकीचा होता. तो आजपासून रद्द.” अप्पा म्हणाले, “आता कायमचा राजा तूच ना?” भार्गव म्हणाला, “उद्याची घंटा उद्या, अप्पा.” तो पारावर गजरा आणायला गेला, तर तिथं म्हातारी नव्हती, नुसता मोगऱ्याचा वास होता.

पुढं मोठ्या मोठ्या मंडळ्यांनी त्याला बोलावलं. तो कुठंही गेला तरी आधी घंटा मागे, मग मुकुट, आणि परत अप्पांकडंच येई. अप्पांनी हुंगायचं सोडलं नाही, आणि त्यानं श्वास सोडायचं सोडलं नाही.

तर बायांनो, रंगदेवता जशी त्याला भेटली तशी तुमच्याआमच्या घरच्यांना भेटो. जो पडला त्याच्या उशाशी कुणी बसो, ज्याची जागा गेली त्याला हाती धरायला दोर मिळो, ज्याच्या ओठांशी प्याला आला त्याला “आज नाही” म्हणता येवो. साठां उत्तरांची होती, पांचां उत्तरांत बांधली, तिसऱ्या घंटेच्या आत ही कहाणी सुफळ सं

“वेणू, ए वेणू. कोकम भरलंय मी, तू चाखून बघ एकदा, आणि दोर धर. बाबा विंगेत उभे राहिलेत.”

आले, पांडबाआजोबा.