मोडलेली जांभूळ

ऐका. फार वर्षं झाली, माळवंडी गावात बिरूबा नावाचा धनगर हाडं बसवायचा. मेंढराचा पाय असो की माणसाचा हात, नुसती बोटं फिरवून त्याला मोड सापडायचा. मग वरून हळदीचा लेप, बांबूच्या कांब्या, आणि एकवीस दिवसांत हाड जुळायचं. त्याचा हात लागला की हाड आपणहून जागेवर यायचं, असं म्हणतात.

पण त्याच्याकडे पोरं फार यायची. कुणाचं मनगट, कुणाचं कोपर. आईबाप एकच सांगायचे, वेशीजवळच्या जांभळीवरून पडलं. बिरूबाला ते पटायचं, कारण त्याचं स्वतःचं डावं कोपर वाकडं होतं आणि तूही जांभळीवरूनच पडलास, असं त्याची आई सांगायची. फक्त झाडावर चढल्याचं त्याला काही केल्या आठवत नसे. शिवाय जांभळं पिकतात जेठात. मग पौषात पोरं काय पानं खायला चढतात?

बरं, एका घरचं असतं तर गोष्ट वेगळी. वरच्या आळीत तेच, खालच्या आळीत तेच, पाटलाच्या घरीही तेच. बिचाऱ्याचं डोकं चालेना. शेवटी त्यानं ठरवलं, झाडच अवलक्षणी आहे, आणि कुऱ्हाड उचलली. गाव मदतीला धावलं. सगळ्यांत पुढं शेजारचा गेनू. पडताना जांभूळ लेकरासारखी रडली, असं म्हणतात.

आठ दिवस गेले नाहीत तोच गेनू आपल्या सात वर्षांच्या सुंद्रीला उचलून घेऊन आला. तिचं मनगट सुजलेलं. म्हणाला, जांभळीवरून पडली. जिभेला वळणच पडलेलं, दुसरं काय!

बिरूबानं पोरीचं मनगट हातात घेतलं.

"कोणत्या जांभळीवरून, गेनू?"

बिरूबानं त्याला बाहेर पाठवलं आणि हात बांधता बांधता पोरीला खरं काय ते विचारलं.

"आबा, जांभूळ कुणाला पाडत नव्हती," सुंद्री म्हणाली. "बा मारायला लागला की आम्ही तिच्यावर चढून बसायचो. सगळीच पोरं. आता कुठं चढायचं?"

बिरूबाचा हात आपल्या वाकड्या कोपरावर गेला. ते कुणी मोडलं, हे विचारायला आता आईही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच झाड उभं करायला गेला. मोठं माणूस एकही आलं नाही. पोरं मात्र आली, घराघरातून आली, गळ्यात हात बांधलेली पोरंसुद्धा आली. इतकी आली की बिरूबाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या पोरांनी जांभूळ उचलून खुंटावर ठेवली, असं म्हणतात. बिरूबानं मोडावर लेप दिला, कांब्या बांधल्या आणि झाडाला मिठी मारून बसला. एकविसाव्या दिवशी पालवी फुटली. बिरूबा मात्र कुणाला दिसला नाही. बुंध्यावर एक गाठ आली, जुळलेल्या हाडावर येते तशी, आणि तिला डावीकडे वाकडं कोपर आहे.

जांभूळ अजून उभी आहे. ती गाठ बघून गावानं नेम केला, झाडावर बसलेल्या पोराला खाली ये म्हणायचा हक्क त्याच्या बापालाही नाही. पोर वर दिसलं की हातातलं काम टाकून माणसं त्याच्या घरी जातात आणि दारात बसून राहतात. ते आपणहून उतरेपर्यंत गावात चूल पेटवायची नाही, ही बिरूबाची आण.

गेल्या पौषात चुली दोन दिवस थंड होत्या.