ओल्या पाकळ्यांचा गुलकंद

तृप्तिनाथ महाराज तेव्हा कानडखेडास नदीकाठच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. चैत्रात त्यांचे एकवीस दिवसांचे अनुष्ठान सुरू झाले. दिवसाला तांब्याभर ताक, बस्स! पारण्याला लागणारा गुलकंद करण्याची सेवा महाराजांनी ठकूबाई माळिणीला सांगितली आणि त्या म्हातारीला आभाळ ठेंगणे झाले.

गुलकंद तिने जन्मात केला नव्हता. दारात गावठी गुलाबाचे एकच झाड. त्याची सगळी फुले तिने पहिल्याच दिवशी खुडली. महाराजांच्या मुखात जायचे, मग पाकळ्या पारोशा कशा चालतील? तिने त्यांना छान आंघोळ घातली आणि तशाच ओलेत्या, खडीसाखरेबरोबर थरावर थर देऊन बरणीत भरल्या.

गावात गुलकंद करावा तर विसाजीपंत वैद्यांनी. ही सेवा हातची गेली म्हणून ते फुरंगटलेच होते. पाचव्या दिवशी ठकूबाईच्या बरणीत पाणी आणि वर फेस दिसताच ते चारचौघांत खो खो हसले.

"अगं ठकू, पाकळ्या ओल्याच भरल्यास? पाणी लागलं की गुलकंद नासला! पारण्याला महाराजांना काय बुरशी चाटवणार आहेस?"

झाडावर आता एकही कळी उरली नव्हती. बरणी उराशी धरून ठकूबाई देवळात धावली आणि रडत म्हणाली, "म्हाराज, चुकलं माझं. तुमच्या तोंडचा घास नासवला मी!"

महाराज हसले. म्हणाले, "वेडे, किती मायेनं न्हाऊ घातलंस त्यांना! ओल असेल ती आमच्याकडे दे. बरणीला फडकं बांध, इथं उन्हात ठेव आणि पारण्यापर्यंत उघडू नकोस."

आणि काय नवल सांगावे! दुसऱ्या दिवसापासून त्या कोरड्या उन्हात महाराजांच्या अंगावरची छाटी पाण्याने निथळू लागली. शिष्य पिळत, वाळवत. पांघरली की पुन्हा ओली. विचारले की महाराज नुसते हसत. शेवटी पारण्याच्या सकाळी घाबरलेल्या शिष्यांनी वैद्यांना बोलावून आणले.

पंतांनी ऐटीत नाडी पाहिली. नाडी ठणठणीत! मग एवढा घाम कशाचा, म्हणून त्यांनी छाटीचे टोक नाकाशी नेले आणि ते जागीच थबकले. गुलाबाचा वास! त्यांची नजर आपसूक बरणीकडे आणि तिच्यापाशी बसलेल्या ठकूबाईकडे गेली.

"ठकूबाई, फडकं सोडा बघू," ते हळूच म्हणाले.

फेस नाही, पाणी नाही. तांबूस, दाट गुलकंद! सुगंध पार गाभाऱ्यापर्यंत गेला. महाराजांनी ठकूबाईच्या हातून पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "गोड झालाय गं!" तिला हुंदका आवरेना. मग महाराज मिस्कीलपणे पंतांकडे वळले. "काय वैद्यराज, चाटणार का बुरशी?"

महाराजांनी अंगावरची ओली छाटी उतरवून पुढे केली. पंतांनी ती मस्तकी लावली. "महाराज, हिची चूक तुम्ही सोळा दिवस अंगावर वागवलीत," ते म्हणाले, "आणि मी ती गावभर केली."

त्यांनी लोटांगण घातले. उठले तेव्हा हातातली छाटी कोरडी झाली होती. ती महाराजांच्या चरणी ठेवून, प्रसादासाठी ओंजळ पुढे करून विसाजीपंत ठकूबाईपुढे वाकले.