डॉक्टरांच्या पुड्या

आमच्या खैरगावच्या सोनटक्के डॉक्टरांनी विधानसभेचा अर्ज भरला, तेव्हा आम्हालाच नवल वाटलं. इतका शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण नदीला पूल नव्हता, आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आधीच आजारी माणसं दगावायची. ते बघून बघून डॉक्टर शेवटी उभे राहिले.

समोर होते आमदार भाऊसाहेब रणखांबे. दर निवडणुकीला यायचे आणि पुलाचा नारळ फोडून जायचे. बाजाराच्या दिवशी गावानं दोघांनाही एकाच ओट्यावर बोलायला लावलं. भाऊसाहेबांनी माईक धरला आणि हसत म्हणाले, "अहो डॉक्टर, जन्मभर तुम्ही पुड्या बांधल्या. राजकारण म्हणजे काय खोकल्याचं औषध वाटलं का?"

त्यांची माणसं शिट्ट्या मारायला लागली. आम्ही माना खाली घातल्या. म्हटलं, संपलं, आता पूल काही होत नाही.

डॉक्टर सावकाश उठले. चष्मा पुसून म्हणाले, "भाऊसाहेब बोलले ते खरं आहे. मला पुड्या नुसत्या बांधता येतात. सोडायच्या कशा, ते त्यांनाच विचारा."

आधी मटकीवाली गोदाक्का पदर तोंडाला लावून हसली, मग सगळा बाजार हसला. शिट्टीवाल्यांनाही हसू आवरेना.

डॉक्टर निवडून आले. वेळ लागला, पण पूल झाला. आता थकलेत, संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी बसतात. पेशंटची जीप त्यांना बघून थांबायला लागली, की हातानं खुणावतात, "थांबू नका, पुढं जा."