दाजीबांचा चष्मा

पोस्टातून निवृत्त झालेल्या शरयूबाईंना लाकडी भोवरे करायला शिकायचं होतं. त्यासाठी लाकूड कातायचं जुनं लेथ मशीन हवं होतं आणि सल्ल्यांनी त्यांचं डोकं पार भंजाळलं होतं. एक म्हणे मोटर बघा, दुसरा म्हणे बेअरिंग, तिसरा म्हणे वजन. जुनी मशीनं विकणाऱ्या दाजीबा सातार्डेकरांच्या गोदामात अशी तीन मशीनं होती आणि बाईंना तिन्ही सारखीच दिसत होती.

"हे नवा रंग दिलेलं न्या," दाजीबा रुबाबात म्हणाले. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. केसभर थरथरणार नाही."

"मला त्यातलं काही कळत नाही हो. तुमचा चष्मा त्याच्यावर ठेवा आणि चालू करून दाखवा."

दाजीबांनी सोनेरी काड्यांचा चष्मा ऐटीत ठेवला. पण बटणापर्यंत गेलेला हात थांबला. त्यांनी चष्मा उचलून परत नाकावर चढवला.

"तुम्ही जिथे चष्मा ठेवायला भिता, तिथे मी माझी बोटं घालू?" बाई म्हणाल्या. "मग कुठल्यावर ठेवाल?"

दाजीबांनी कोपऱ्यातल्या गंजक्या मशीनकडे बोट दाखवलं.

ते टेम्पोत चढलं, तरी बेअरिंग कशाला म्हणतात हे बाईंना कळलेलं नव्हतं.