सहाणेखालचा लॅपटॉप

“...आणि अशी दाबून सूज उतरते का रे?”

स्वामींनी हे विचारलं तेव्हा नरहरी पोथ्यांच्या खोलीत पाटावर बसला होता. पुढ्यात त्याचा लॅपटॉप. दोन फळ्यांच्या मध्ये धरलेला, फळ्यांना सुतळी आवळलेली आणि वर चंदन उगाळायची जड सहाण.

आमच्या मठात दमट हवेने पोथ्यांची पानं फुगतात, वाकतात. मग ती दोन फळ्यांत धरायची, वर वजन ठेवायचं. पानं सरळ होतात. इथली जुनी रीत आहे ही. नरहरीने तीच लॅपटॉपला लावली होती.

“झाकण बसत नव्हतं, स्वामी. खालून पोट वर आलंय. उद्यापर्यंत बसेल.”

“पोटात काय आहे?”

“बॅटरी.”

“ती का फुगली?”

नरहरीने सुतळीची गाठ उगाच चाचपली. उत्तर न येण्याची त्याला सवय नव्हती. माणूस हुशार. व्याकरण तोंडपाठ, आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. आणि हे सगळं आपल्यापाशी आहे, हेही त्याला पक्कं ठाऊक.

“मी हयगय केलेली नाही,” तो म्हणाला. “रात्रंदिवस चार्जिंगला असतो. शंभर टक्क्यांच्या खाली कधी येऊ दिला नाही. धूळ बसू नये म्हणून वर शाल घालतो.”

“चालू असताना?”

“हो.”

“तापत नाही?”

“तापतो... थोडा.”

स्वामी हसले. “अख्खा मठ एकादशी करतो. या बिचाऱ्याला मात्र तू एक दिवस भूक लागू दिली नाहीस. खाऊ घालतोस आणि वर पांघरूण.”

मी दाराशी उभा होतो; मला हसू आवरेना. नरहरीने असं काही पाहिलं माझ्याकडे की मी निमूटपणे खांबाकडे बघू लागलो.

पण हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

त्या लॅपटॉपमध्ये स्वामींचं सगळं निरूपण होतं. संध्याकाळची आरती झाली की स्वामी सांगायचे आणि नरहरी टाइप करायचा. पुढे स्वामींच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता चार वाक्यं बोलले की आवाज बसतो. ते निरूपण पुन्हा सांगून व्हायचं नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

आणि दुसरी प्रत नव्हती.

मी मागे एकदा म्हटलं होतं, पेनड्राइव्हवर तरी काढून ठेव. “कुणाच्याही हाती लागेल,” तो म्हणाला. गावच्या शाळेतल्या कोळवणकरबाई कितीदा आल्या. एक अध्याय द्या, वाचून परत आणून देते. दर वेळी एकच उत्तर : “अजून पूर्ण नाही. शुद्धलेखन तपासायचंय.”

खोलीत कसलासा गोडसर, उग्र वास येत होता. मला वाटलं, सहाणेचाच असेल.

स्वामी वाकले. वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“वायर काढ.”

नरहरीने काढली.

“बाजूला हो.”

“स्वामी, फक्त उद्यापर्यंत...”

स्वामींनी सहाण स्वतः उचलली. त्या वयात, त्या हातांनी. अलगद खाली ठेवली, सुतळी सोडली, फळी काढली. लॅपटॉप बंद केला, दोन्ही तळव्यांवर घेतला आणि अनवाणीच बाहेर निघाले. भर दुपार होती. अंगणातली फरशी अशी तापलेली की मी पायताण शोधत राहिलो.

“माझ्याकडे द्या, स्वामी! ग्रंथ आहे त्यात!”

“लांब राहा.”

“पण ग्रंथ...”

“ग्रंथ मी सांगितला. तुझे हात काही मी केलेले नाहीत. लांब राहा.”

कुंपणाच्या कामासाठी आणलेली वाळू अंगणाच्या टोकाला पडली होती. तिच्यावर त्यांनी लॅपटॉप ठेवला आणि परत येऊन पायरीवर बसले. धाप लागली होती. पायाचे तळवे लाल झाले होते.

सोडून द्या, सोडून द्या, असं सांगणारे मी पुष्कळ ऐकले. त्यांच्यातल्या काहींना माझ्याच गाडीतून स्टेशनवर सोडलंय, आणि सामान विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून मागेही आणलंय. या माणसाचा आयुष्यभराचा शब्द त्या डब्यात होता, आणि तो डबा जळायला सोडून हा नरहरीचे हात बघत बसला होता, कुठे भाजलं तर नाही ना म्हणून. सापडलेलं पायताण मी त्यांच्या पायांशी नेऊन ठेवलं.

बराच वेळ गेला. काही पेटलं नाही. वास विरला. लॅपटॉप गार झाला.

“गाडी काढा,” स्वामी मला म्हणाले. “तालुक्याला मुजावरबाईंचं दुकान आहे ना, तिथे न्या. नवी बॅटरी बसवून आणा.”

“बाहेरच्या माणसाच्या हातात, स्वामी...” नरहरी पुटपुटला.

“जा.”

मी मागच्या सीटवर घमेल्यात वाळू घातली आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवला. नरहरी पुढे बसला खरा, पण सगळी वाट मान मागेच वळवून.

मुजावरबाईंनी स्क्रू काढले, खालचं झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. बॅटरी तट्ट फुगली होती, तळणीतल्या पुरीसारखी.

“ही दाबली होती का कुणी?”

“मी,” नरहरी म्हणाला.

इतकं छोटं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“नशीब तुमचं, महाराज. आत वायू धरतो. दाबला तर जात नाही, बॅटरीच फुटते.”

त्यांनी जुनी बॅटरी अगदी सांभाळून सुटी केली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. असल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, नेणारे वेगळे येतात, म्हणाल्या. मग नवी बसवली.

“आता सारखी वायर लावून ठेवू नका. ऐंशीला भरणं थांबेल असं करून देते. अधूनमधून नुसत्या बॅटरीवर चालवा. वीसच्या आसपास आली की परत लावा. आणि ती शाल तुम्ही पांघरा.”

पडदा उजळला. फाइल उघडली. पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. नरहरीचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. तो मला त्या दिवशी आवडला, हेही सांगून टाकतो.

बाई वाकून वाचत होत्या. एक ओळ वाचली, दुसरी वाचली.

“कुणी लिहिलंय हो हे? किती साधं आहे... पुढचं पान दाखवता?”

नरहरीचा हात पुढे आला.

“अजून पूर्ण नाही,” तो म्हणाला आणि त्याने झाकण मिटलं. आता ते नीट बसत होतं.

परतीच्या वाटेवर नरहरीने लॅपटॉप मांडीवर धरून ठेवला होता.

स्वामी ओसरीवर पाय पाण्यात सोडून बसले होते. नरहरीने लॅपटॉप पुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

“सगळं शाबूत आहे, स्वामी. एक अक्षर गेलं नाही.”

स्वामींनी मान हलवली. दुकानात काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. बाईंनी पुढचं पान मागितल्याचंही सांगितलं.

नरहरीने मान वर केली.

“माझं चुकलं. इथून पुढे असं होणार नाही. बाई म्हणतात, ऐंशी. पण मला आपल्या तोंडून ऐकायचंय. याला किती भरलेला ठेवू?”

स्वामींनी पाण्यातून पाय काढले. पंच्याने पुसले... एक, मग दुसरा. बोलायच्या आधी त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला.

“भरायचं मागून बघू, नरहरी... रिकामा कुणापुढे करणार आहेस, ते आधी सांग.”